अकोटच्या पुढं अडलेली मोटार

बाळापूरची वेस मागं पडताच भगवंतरावांनी उपरण्याच्या टोकानं मोटारीच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसले. ठसे लेकीच्या सासरच्या माणसांचे होते. जावयानं चाक धरून पाहिलं होतं, विहीणबाई मखमली गादीवर दोनदा बसून उठल्या होत्या. हिवरखेडच्या शेतकऱ्यानं नागपूरहून चहूबाजूंनी काचा असलेली बंद मोटार आणावी, ही त्या काळी वऱ्हाडात लहान गोष्ट नव्हती. भगवंतरावांची छाती फुगली होती. ती फुगावी म्हणूनच तर त्यांनी मोटार घेतली होती. उगाच खोटं कशाला बोला!

शेजारी लेक बसली होती, दुर्गा. दिवाळीला तिला माहेरी आणायला दरवर्षी भगवंतराव स्वतःच मुऱ्हाळी जात. बैलांच्या दमणीनं दोन दिवस लागत, मधे अकोल्याला मुक्काम. त्या दोन दिवसांत दुर्गा वर्षभराचं सगळं बोलून टाकी. सासरी तिच्या तोंडाला कुलूप, माहेरी आल्यागेल्या बायकांचा गराडा. बापाशी बोलायचं ते वाटेवरच. दमणी भगवंतराव स्वतः हाकत, आणि बैल काही ऐकलेलं कुणाला सांगत नसत.

आता पुढं देवीदास ड्रायव्हर होता. त्याला कानही होते आणि तोंडही.

"बरी आहेस ना?"

"बरी आहो, बाबा."

पदर सावरायला तिनं हात वर केला, तशा बांगड्या घसरून पार कोपरापाशी गेल्या. पोरगी अर्धी झाली होती. भगवंतरावांनी तोंड उघडलं, देवीदासच्या पाठीकडं पाहिलं आणि मिटलं.

अकोला आलं तसं गेलं. आपली गाडी एकदाही अडली नाही, असं ते एरवी गावभर सांगत फिरत. आज ती अडावी म्हणून त्यांनी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलला. पण मोटार लोण्यासारखी पळत होती. घरी पोचलं की दुर्गाची आई पार्बताबाई लेकीवरून भाकरतुकडा ओवाळणार, शेजारणी जमणार, आणि दुर्गा हसून सगळ्यांना बरी आहे म्हणणार. मग पुन्हा बाळापूर.

अकोट मागं पडलं.

"देवीदास, थांबव."

भगवंतराव खाली उतरले आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी बंद पडली."

"नाही मालक, मस्त चालून राहिली."

"बंद पडली म्हणतो ना! पायी गावात जाय अन् ओढाले बैलजोडी घेऊन ये."

"पण मालक, लोकं मले काय म्हंतीन?"

"तुले नाही म्हणत. मले म्हंतीन."

देवीदास दोनदा मागं वळून पाहत गेला. हिवरखेड अजून तीन कोस होतं. भगवंतराव लेकीशेजारी येऊन बसले.

"बोल माय आता."

दुर्गानं काचेतून देवीदास लांब गेल्याचं पाहून घेतलं.

"दसऱ्याले त्यायनं दुसरी बायको केली, बाबा. मले लेकरू नाही म्हणून. आता मी कोठ्यात झोपतो, ढोराईजवळ." मग हळूच म्हणाली, "आज तुमाले चहा दिला ना, तो तिनंच केला होता."

तो चहा भगवंतरावांनी दोनदा मागून घेतला होता. वर तोंडभर वाखाणलाही होता. त्यांना स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते रडले, लेकीसमोर रडले, आणि मग सगळं ऐकत बसले.

दिवस कलता कलता बैलांनी मोटार ओढत गावात आणली. अख्खं गाव गोळा झालं. देवीदास मान खाली घालून जोडीपुढं चालत होता.

"काय भगवंतराव," शेजारचे महादेवराव हसत म्हणाले, "बैलाईनंच ओढाची होती तं मोटार कायले घेतली?"

लोक खो खो हसले. भगवंतरावही थोडे हसले.

"बिघडली," ते म्हणाले.

"अन् दिवाळी झाल्यावर पोरीले पोचवा लागन ना? तवर दुरुस्त होईन काय?"

भगवंतरावांनी दुर्गाची ट्रंक स्वतः खाली काढली.

"पोचवाची नाही," ते म्हणाले, आणि ट्रंक घेऊन घरात गेले.