भिंतीवरच्या सावलीचा हेवा

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो. खारीच्या केसांचा, बारीक टोकाचा. आणि आधीच कबूल करतो, फार हेवेखोर.

सोलापूरचे कल्लप्पा पेंटर माझे मालक. नवी पेठेतल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या आम्ही दोघांनी लिहिल्या. लोक म्हणायचे, "कल्लप्पा, हात लई गोड हाय तुमचा." ते कौतुक माझंच, असं मी समजत असे. पुढे छापील फलक आले आणि मी डब्यात पडून राहिलो.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या नातीला, नववीतल्या संस्कृतीला, शाळेची भिंत रंगवायला मिळाली. विषय होता, 'पन्नास वर्षांनंतरचं आपलं सोलापूर'. पारा चव्वेचाळीसवर गेलेला. आजोबांचा डबा तिने सोबत नेला खरा, पण हाती धरले ते नवे कोरे नायलॉनचे कुंचले.

त्या नव्या कुंचल्यांनी काय काय काढलं! रस्ताभर ताणलेल्या हातमागाच्या कापडाची सावली, चुन्याने पांढरी केलेली छपरं, काठोकाठ भरलेला तलाव. येणारा-जाणारा थांबून वाहवा करी आणि माझा जळफळाट होई. या रंगाचे पोपडे पडोत, असंसुद्धा मी मनात म्हणालो.

शेवटच्या दिवशी कल्लप्पा आले. बराच वेळ बघून म्हणाले, "चांगलं हाय पोरी. पण ह्यात माणसं कुटं हायत?"

संस्कृतीने मान खाली घातली. "काढवंना, अज्जा. असल्या उन्हात पुढं माणसं हितं राहतील का, तेच कळंना."

"मग कुटं जातील? तू काढ की." त्यांनी मला धुऊन, बोटांनी टोक काढून तिच्या हातात दिलं.

इतक्या वर्षांनी रंग लागला, तरी माझा राग जाईना. सावलीत भाजी विकणाऱ्या बाईचा चेहरा ती काढत होती. कपाळापाशी मी मुद्दाम एक केस गाळला. ओल्या रंगात तो आडवा चिकटला. चित्र बिघडलं, म्हणून मला बरं वाटलं.

केस काढायला संस्कृतीने नख पुढे नेलं आणि ती थांबली.

"अज्जा, बघा! बाईची बट उडतीया. म्हंजे गार वारा सुटलाय की हितं!"

मग तिने माझ्याकडून त्याच वाऱ्यावर कुणाचा पदर उडवला, कुणाचा सदरा फुगवला. संध्याकाळपर्यंत रस्ता माणसांनी भरून गेला. मी मात्र शरमेने मान वर करू शकलो नाही.

मित्रांनो, हेवा माझ्यातून अजून पुरता गेलेला नाही. पण एक विनंती करतो. पुढच्या दिवसांची चित्रं काढाल, तेव्हा त्यांत माणसांना जागा ठेवा. आणि काम संपलं की आम्हाला, जुन्या-नव्या सगळ्यांना, नीट धुऊन ठेवा. अजून पुष्कळ चेहरे काढायचे राहिले आहेत.