न पाहिलेली विहीर

धोंडीराम सरकारी कचेरीतला शिपाई. एकतीस वर्षं फायली इकडून तिकडे नेलेला, निवृत्ती आठ महिन्यांवर आलेला. पोलिसांना असा माणूस पंच म्हणून फार आवडतो. सरकारी नोकर कोर्टात उलटत नाही, उलटला तर खात्याची चौकशी मागे लागते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी हवालदाराचा फोन यायचा, धोंडीराम ठाण्यात जायचा, पुढ्यातल्या पंचनाम्यावर सही ठोकायचा, चहा प्यायचा आणि घरी यायचा. कागदावर तो आरोपीच्या मागे शेतं तुडवत जायचा. प्रत्यक्षात खुर्चीवरून उठायचासुद्धा नाही. आता म्हणे मोबाइलवर सगळ्याचं शूटिंग करावं लागतं. तेव्हा ती कटकट नव्हती.

तसा माणूस खोटा नव्हता. भावकीत बांधाचा वाद झाला आणि बेलभंडार उचलून शपथ घ्यायची वेळ आली, तेव्हा जीभ रेटेना म्हणून दोन गुंठे सोडून आला होता. कोर्टातली शपथ मात्र त्याला हजेरीच्या सहीसारखी वाटायची. आपण सगळेच सोयीनं असं वाटून घेतो, त्यात धोंडीराम काही जगावेगळा नव्हता.

त्या दिवशी तो नाशिकच्या कोर्टात आला तो लहानूच्या खटल्यात. लहानू सुरगाण्याकडचा, पिंपळगावला द्राक्षबागेत छाटणीला आलेला. अंधारात कोणीतरी मुकादमाच्या पोटात छाटणीची कात्री खुपसली. मुकादम वाचला, पण मारणारा त्याला दिसला नव्हता. आदल्या दिवशी लहानूचं त्याच्याशी भांडण झालं होतं, एवढंच. बाकी खटला उभा होता तो धोंडीरामच्या सहीवर. लहानूनं दोन पंचांसमोर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून रक्ताची कात्री काढून दिली, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. दुसरा पंच मध्यंतरी वारला होता. जामीन राहायला कोणी नव्हतं, म्हणून लहानू दोन वर्षं आतच होता.

सकाळी हवालदारानं कॅन्टीनमध्ये धोंडीरामकडून सगळं पाठ म्हणवून घेतलं. विहीर पूर्वेला, खोलीला पत्र्याचं दार, कात्री पाइपांच्या मागे. मग धोंडीराम पुकाऱ्याची वाट बघत बाकड्यावर बसला. शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती लहानूची बायको भागीबाई. धोंडीराम कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. आपणहूनच सांगू लागली, की आज नवऱ्याचं काम आहे आणि आज तो सुटणार.

"आज तो सरकारी मानूस येनार हाय, ज्यानं सही केली," ती म्हणाली. "माज्या मालकानं कायबी काढून दिलं नाय, ते त्यानं पाह्यलं आसंल ना? आमच्या पाड्यावर न पाह्यलेल्याचा आंगठा कोनी देत नाय."

धोंडीराम बाकड्यावर थोडा बाजूला सरकला. तेवढ्यात पुकारा झाला.

पिंजऱ्यात त्यानं शपथ घेतली. सरकारी वकिलांनी नाव, वय, नोकरी विचारली आणि मग त्या दिवशी तुम्ही कुठं गेलात, असं विचारलं. पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. समोर लहानू उभा होता, मागच्या बाकावर भागीबाई येऊन बसली होती. त्याच्याकडे बघून ती चमकली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. तो उजळलेला चेहरा धोंडीरामला बघवला नाही.

"मी कुठंच गेलो नव्हतो," तो म्हणाला. "सही ठाण्यात केली. कात्री आधीच टेबलावर होती. ती विहीर मी आजतागायत पाहिलेली नाही."

कोर्टात कुजबुज झाली. दारातल्या हवालदाराचा चेहरा लाल झाला. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं आणि त्याला फैलावर घेतलं. कोणाच्या दबावाखाली बोलताय? नोकरी नको झाली का? धोंडीरामनं कठडा घट्ट धरला आणि तेच पुन्हा सांगितलं.

न्यायाधीश मॅडमनी हात वर करून वकिलांना थांबवलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"दोन वर्षं झाली. वय झालंय तुमचं. विसरला असाल, तर तसं सांगा."

वाट मोकळी होती. विसरलो म्हटलं असतं, तर लहानूवरचा पुरावा लंगडा पडला असता आणि नोकरीही वाचली असती.

"विसरलो नाही, मॅडम."

"मग याआधीही पंच होता का?"

"अकरा वेळा."

"त्यांतल्या किती जागी स्वतः गेला होता?"

धोंडीरामनं घाम पुसला. हा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नव्हतं, पण आता मागं फिरणंही शक्य नव्हतं.

"एकाही नाही. दोन खटल्यांत इथं येऊन साक्षही दिली. एक जण सुटला. दुसरा वणीकडचा झिपरू. त्याला सात वर्षं लागली, तो अजून आत आहे. मॅडम, त्याचंही लिहून घ्या."

टायपिस्टचा हात थांबला. मॅडमनी मान हलवली, तेव्हा टकटक पुन्हा सुरू झाली. खोट्या साक्षीबद्दल त्याच्यावरच कारवाई होऊ शकते, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं आणि तेही नोंदवलं. त्यानं हो म्हटलं. बोलून झाल्यावर छाती हलकी झाली आणि भीतीही तेवढीच वाटली, दोन्ही एकदमच.

तो बाहेर आला, तेव्हा हवालदार तोंड फिरवून बाजूनं निघून गेला. भागीबाई भिंतीला टेकून उभी होती. आता ती आभार मानेल, असं क्षणभर धोंडीरामला वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

"दोन वरसं," ती म्हणाली. "पोरगी चालाया लागली, तिनं बाप पाह्यला नाय. बाबा, तुमी तवाच का नाय सांगितलं?"

मॅडमच्या सगळ्या प्रश्नांना त्यानं उत्तरं दिली होती. भागीबाई उत्तराची वाट बघत राहिली, आणि धोंडीराम खाली मान घालून तिच्यासमोर उभा राहिला.