पाठीमागून तेरा

कॅप्टनना वाऱ्याची नाडी कळते, असं कॅप्टन स्वतःच सगळ्यांना सांगत. म्हणून कंपनीत त्यांना नाडीवैद्य म्हणत, अर्थातच त्यांच्या माघारी. विमानाच्या पायऱ्या चढण्याआधी ते थांबायचे, मान किंचित वाकडी करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं. सहा-सात आहे." टॉवरच्या यंत्राने चौदा नॉट दाखवले, की त्यांना त्या यंत्राची दया यायची.

त्यांच्या उजव्या हाताला बसणाऱ्या सहवैमानिकेने हा प्रयोग इतक्या वेळा पाहिला होता, की आता तिला हसूसुद्धा येत नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच त्या विद्येचं स्वरूप होतं. पण आज तिला तोंड सांभाळून बसणं भाग होतं. कॅप्टन होण्यासाठी तिला पाच वरिष्ठांच्या शिफारशी हव्या होत्या. चार मिळाल्या होत्या. पाचवी नाडीवैद्य या सकाळच्या फेरीनंतर लिहिणार होते. आठ वर्षं उजव्या खुर्चीत काढल्यावर डाव्या खुर्चीत बसायची लायकी आपल्यात आहे की नाही, ते आता हा माणूस ठरवणार होता.

नाडीवैद्यांची स्वतःची हाव मात्र अगदीच छोटी होती. त्यांना एक फ्रेम हवी होती. ऑफिसात पाण्याच्या मशीनशेजारी 'वेळेचे मानकरी' अशी पाटी होती आणि तिच्याखाली दर महिन्याला सगळ्यात जास्त वेळा वेळेवर पोचलेल्या कॅप्टनचा फोटो लागायचा. सलग दहा महिने तो त्यांचाच होता. काचेवर कुणाच्या बोटांचे ठसे उमटले, की ते स्वतःच्या रुमालाने पुसायचे. तिने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, खांद्यावर चार पट्टे, आणि इकडेतिकडे बघत स्वतःचंच नाक पुसतोय.

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता आणि दुसरा एक कॅप्टन त्यांच्या बरोबरीला आला होता. त्यात एका प्रवाशाची बॅग उतरवण्यात विमान उशिरा निघालं. वेळेवर पोचायचं तर धावपट्टीचं जवळचं टोक गाठून तिथूनच सुटायला हवं होतं. लांबच्या टोकाला वळसा घालून जायचं म्हणजे बारा मिनिटं जाणार, आणि बारा मिनिटं गेली म्हणजे फ्रेम गेली.

वारा मात्र नुकताच फिरला होता. जवळच्या टोकावरून उडायचं तर तो पाठीमागून येणार होता. विमानाला उडताना वारा तोंडावर हवा असतो. समोरचा वारा पंखांना आयता मिळतो, धाव कमी लागते. पाठीमागून आला, की तेवढा वेग जास्त कमवावा लागतो आणि धावपट्टी भराभर संपत जाते. बाजूचा वारा नाक फिरवतो, पंख उचलतो, पण तो ठरावीक हद्दीपर्यंत हातापायांनी सांभाळता येतो. पाठीमागच्या वाऱ्यापुढे हातपाय चालत नाहीत. म्हणून त्यांच्या विमानाला हद्द घालून दिलेली होती: पाठीमागून दहा नॉट, तेही मधले झोत धरून.

आकडेमोडीत आणखी एक खोच होती. समोरच्या वाऱ्याचा फायदा निम्माच धरायचा आणि पाठीमागच्याचं नुकसान दीडपट. हे तिने एकदा घरी सासूबाईंना सांगितलं होतं. सासूबाईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. शब्दकोड्यातून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "म्हणजे मदत करणाऱ्याची निम्मीच मदत धरायची, आणि मागून ढकलणाऱ्याला दीडपट भ्यायचं. यासाठी तुम्ही परीक्षा देता होय? मी संसारात फुकट शिकले."

जवळच्या टोकाशी विमान थांबलं. टॉवरवरच्या बाईंनी दोन्ही टोकं मोकळी ठेवली होती, हवं ते घ्या म्हणून.

"वारा किती?" नाडीवैद्यांनी विचारलं.

बाईंनी दिशा आणि वेग सांगितला. सहवैमानिकेने मनात हिशेब मांडला. पाठीमागून अकरा, बाजूने नऊ.

"पुन्हा एकदा सांगा."

आता पाठीमागून बारा.

"जरा पुन्हा बघता का, बाई?"

वारा म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे, तीनदा भाव विचारला की उतरायला. पण दोन झोतांच्या मधे तो दम खातो, आणि हे नाडीवैद्यांना पक्कं माहीत होतं. त्यांची नाडीपरीक्षा ती हीच. परवडेल तो आकडा येईपर्यंत विचारत राहायचं. तिसऱ्यांदा तो आला. पाठीमागून नऊ.

"नऊ," ते म्हणाले. "पायऱ्यांपाशीच म्हणालो होतो की नाही मी, फार नाही म्हणून?"

"सर, आधी अकरा होता, मग बारा. झोत येतायत."

"अगं, झोत येतात नि जातात. तू पुस्तक वाचतेस, मी वारा वाचतो. दहा टाक. तुझ्या समाधानासाठी नवावर एक जास्तीच धरला, बस?"

टॅबलेट तिच्या मांडीवर होता. धाव किती लागेल, वेग किती हवा, सगळा हिशेब त्यात व्हायचा. वाऱ्याचा आकडा तेवढा आपण द्यायचा. ती थांबली.

"आणि हो," नाडीवैद्य समोर बघत गोड आवाजात म्हणाले, "उतरल्यावर आठवण कर हं मला. तुझा अहवाल लिहायचाय. माझ्या डोक्यातून जातं अलीकडे."

तिने दहा टाकले.

टॅबलेटवर हिरवा रंग आला. यंत्राला काय, वरून टाकाल ते ते दळून देतं. ती त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिली. आठ वर्षं ती या माणसाला मनातल्या मनात हसत आली होती, याच्या मानेला, याच्या रुमालाला, याच्या फ्रेमला. आणि वेळ आली तेव्हा तिचं बोट याच्या एका गोड वाक्यावर हललं होतं. तिला स्वतःची किळस आली, त्यांच्याविषयी वाटायची त्याहून कितीतरी जास्त. मागे एकशे बासष्ट माणसं पट्टे आवळून बसली होती. आपल्याला कोण ढकलतंय आणि कशासाठी, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्यांची एक फ्रेम आणि तिची एक खुर्ची.

तिने रेडिओचं बटण दाबलं. "टॉवर, गेल्या दहा मिनिटांतला सगळ्यात मोठा झोत किती होता?"

उघड्या लाइनवर विचारलेलं सगळे ऐकतात. मागे रांगेत उभ्या असलेल्या विमानाने ऐकलं, आणि टॉवरमधल्या, सगळं बोलणं टिपून ठेवणाऱ्या टेपने तर ऐकलंच. बाईंनी आकडा वाचून दाखवला.

"म्हणजे पाठीमागून तेरा," ती म्हणाली. तिने दहा पुसून तेरा टाकले. टॅबलेट लाल झाला.

नाडीवैद्यांनी त्या लाल रंगाकडे पाहिलं. हा प्रश्न टेपवर गेल्यावर नाडीपरीक्षा चालणार नव्हती, एवढं त्यांना कळत होतं. मग घसा साफ करून त्यांनी टॉवरकडे लांबचं टोक मागितलं, जणू ते पहाटेपासूनच ठरवून आले होते. आणि लगेच प्रवाशांसाठीचा माइक उचलला.

"नमस्कार, मी आपला कॅप्टन बोलतोय. वाऱ्याची दिशा बदलल्याचं माझ्या लक्षात आल्याने मी धावपट्टीचं दुसरं टोक घेण्याचा निर्णय घेतला आहे. थोडा उशीर होईल. पण माझ्यासाठी वेळेपेक्षा तुमची सुरक्षितता मोठी आहे."

मागून टाळ्या ऐकू आल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो तिने इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

लांबच्या टोकाला पोचल्यावर ते म्हणाले, "तुला वाऱ्याची एवढी काळजी ना? मग तूच ने." आता वारा समोरून होता, पण डावीकडून तिरका, आणि तिची तारांबळ उडालेली त्यांना बघायची होती. त्यांचे हात कंट्रोलपासून दोन बोटांवर होते, दुधाच्या पातेल्याशेजारी बसलेल्या मांजरासारखे. डावा पंख उचलला जाऊ नये म्हणून तिने कंट्रोल डावीकडे धरला आणि नाक वाऱ्याकडे वळू नये म्हणून उजवा पाय दाबला. वेग वाढत गेला तसा हात हळूहळू सैल केला. विमान मधल्या रेषेवरून तसूभर हललं नाही. ते अलगद उचललं गेलं.

"वारा पडला होता तसा," नाडीवैद्य म्हणाले.

उतरल्यावर एक म्हातारे गृहस्थ दाराशी थांबले आणि नाडीवैद्यांचे हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्यासारखे आहेत म्हणून आम्ही निर्धास्त बसतो." नाडीवैद्यांनी मान तुकवली. ती शेजारीच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अहवालाची आठवण तिला करावी लागली नाही. तो दुपारीच आला. 'वाऱ्याच्या बाबतीत अतिसावध. वरिष्ठांच्या अनुभवावर विश्वास कमी. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.' घरी तिने सासूबाईंना एवढंच सांगितलं, की सही झाली नाही.

महिन्याभराने ती ऑफिसात पाणी प्यायला गेली, तर भिंतीवर नवी पाटी होती: 'सुरक्षिततेचे मानकरी'. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं होतं म्हणे. वेळेची फ्रेम दुसऱ्या कॅप्टनला गेली होती, आणि नाडीवैद्यांसाठी साहेबांनी ही नवीन काढली होती. फोटो जुनाच होता. काच लख्ख पुसलेली होती.

त्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. घरी येऊन बूटसुद्धा न काढता तिने सासूबाईंना सगळं सांगितलं: तीनदा विचारलेला वारा, टेपवरचा प्रश्न, माइकवरचं भाषण, अहवाल, फ्रेम. सासूबाईंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं, हे फार क्वचित व्हायचं. ऐकून झाल्यावर त्यांनी तडक बहिणीला फोन लावला.

"अगं, ऐक तरी. आमच्या सुनेने त्या कॅप्टनला सगळ्यांच्या देखत धडा शिकवला. हो, हो, तोच तो मान वाकडी करणारा. नोकरीची पर्वा केली नाही पोरीने. घाबरणं तिच्या रक्तातच नाही."

सुनेला ते ऐकवेना. पाण्याच्या मशीनशेजारी काच बघताना वाटलं होतं तसंच काहीतरी वाटू लागलं, आणि या वेळी काचेत नाडीवैद्य नव्हते, ती स्वतः होती.

"आई," ती म्हणाली, "मी आधी दहा टाकले होते."

सासूबाईंनी फोनवर हात ठेवला. "कुठे?"

"टॅबलेटमध्ये. त्यांनी अहवालाचं नाव काढलं आणि मी मुकाट्याने दहा टाकले. हिरवं झालं होतं. मग पुसले."

"किती वेळ होते?"

"दहा सेकंद असतील."

सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही; वहीतलं उत्तर तपासावं तसं.

"दीडपट. पंधरा धर," त्या म्हणाल्या, आणि बहिणीला 'नंतर बोलते' सांगून त्यांनी फोन ठेवला.