डोमाजींची जोडी पुन्हा पटावर

बोरी अरबचे डोमाजी शंकरपटातले, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतले, नावाजलेले धुरकरी. हलक्या छकडीवर पाय रोवून ते बैलजोडी हाकायला लागले की लोक जागचे उठत. पण गेल्या हिवाळ्यात ऐन पटाच्या दिवशी त्यांच्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला. साधी चादर लागली तरी कळ मस्तकात जाई. त्यांची जोडी दावणीलाच राहिली आणि पट शेजारच्या गावच्या लखीरामनं मारला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड वाढलं होतं. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "दारू बंद. मटण, कलेजी अगदी कमी करा."

डोमाजींच्या घरी आठवड्यातून चारदा मटण शिजे. घरी येताच ते बायकोवर, कौसल्याबाईंवर उखडले. "मटण सोडलं तं अंगात जोर कुठून येईन? बैलाईले आवरू कसा?"

कौसल्याबाई बैलांसाठी सरकीची ढेप भिजवत होत्या. "ते बैल कायच्या जोरावर पळतात? त्याईले कधी मटण चारलं का तुमी?"

डोमाजी लंगडत ओसरीवर निघून गेले.

सुरुवातीला ते ताटावर रुसून बसत. मग अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी गोड लागू लागली. मटण सणावारापुरतं उरलं. पावसाळा सरेपर्यंत पुन्हा सूज आली नाही, पोट उतरलं, आणि भल्या पहाटे ते जोडीमागं शेताची फेरी मारू लागले.

यंदाच्या पटावर लखीरामनं त्यांना पाहिलं. "डोमाजी, पालाभाजी खाऊन बैल हाकता काय?"

"हाकून पाह्यतो," डोमाजी म्हणाले.

झेंडी पडली. डोमाजींनी छकडीवर पाय घट्ट रोवले आणि आरोळी ठोकली. धुरळ्यातून त्यांची जोडी आधी बाहेर आली. लखीरामची जोडी पार मागं होती. लोकांनी डोमाजींना खांद्यावर घेतलं. त्यांना खाली उतरायचं होतं, ढोलापुढं नाचायचं होतं. उतरले आणि दमेपर्यंत नाचले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात पंगत बसली. तुरीच्या हिरव्या सोल्यांची आमटी, भरीत, भाकरी. लखीरामही आला. त्यानं आमटी तीनदा मागून घेतली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "माह्या बायकोले शिकवान का हे?"

"पाठवा उद्या," कौसल्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.