पाटी लागली त्या संध्याकाळी

परवाना नव्हता तोवर तो अख्ख्या इमारतीचा इंजिनिअर होता. कुणाच्या भिंतीला तडा गेला, की हा चहाचा कप हातात घेऊनच हजर. बोटाने दोनदा ठोकायचं आणि छातीठोकपणे सांगायचं, "काही होत नाही, नुसता गिलावा फुटलाय!" दारावरच्या पाटीवर मात्र 'इंजिनिअर' लिहायची सोय नव्हती. त्यासाठी परवाना लागतो म्हणे! "चिटोऱ्याने का कुणी इंजिनिअर होतो?" असं चरफडत तो तिसऱ्यांदा परीक्षेला बसला आणि एकदाचा पास झाला.

पाटी लागली त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. "अरे, स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेलाय. जरा बघतोस? आणि आता तुझा शिक्का आहे, तर दोन ओळी लिहूनही दे."

तो रुबाबात वर गेला. बोट उचललं, पण ठोकवेना. शिक्का मारला की भिंत आपल्या गळ्यात, हे परीक्षेसाठी तीनदा घोकलेलं कलम नेमकं आत्ता आठवलं. त्याने घसा खाकरला.

"काकू, माझं ऐका," तो म्हणाला, "हे एखाद्या चांगल्या इंजिनिअरला दाखवा."