सुकट आणि कडी

रविवारचं मटण बंद, असं सूनबाईने जाहीर केलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आई, बकरं रवंथ करतं. त्याच्या ढेकरांतून जो वायू निघतो ना, त्याने पृथ्वी तापते," तेजल म्हणाली. "आपण मूग, मटकी, हुलगे खाऊ."

बकऱ्याच्या ढेकरांनी पृथ्वी तापते, मग आमच्या सातपूरच्या कारखान्यांच्या धुराने काय गार होते? माझा मुलगा धम्मपाल बायकोचीच री ओढत होता. मला मात्र खरं कारण कळलं होतं. तिला ऑफिसात नुकतीच बढती मिळाली होती आणि तिच्या मॅडम शुद्ध शाकाहारी. पोरीला आमच्या ताटाची लाज वाटायला लागली असणार. आज मटण गेलं, उद्या हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत जाईल. त्याच्या मागोमाग मी.

मग मी पाळतच ठेवली. तिने हॉलला नवे पडदे लावले, तर मी फोटो जागेवर आहे ना ते आधी बघून आले. पनीर आणायचंही तिने बंद केलं, तेव्हा वाटलं, बया सोंग चांगलं वठवतेय.

"म्हैसही रवंथच करते, आई," ती म्हणाली. हिच्याकडे सगळ्याला उत्तर तयार!

पुढच्या रविवारी मॅडम जेवायला येणार असं कळलं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. बाजारातून सुकट आणली आणि मॅडम यायच्या वेळेलाच तव्यावर टाकली. सुकटीचा वास म्हणजे गावभर दवंडी. आता फक्त सूनबाईचं तोंड बघायचं होतं.

बेल वाजली. तेजलने दार उघडलं. "या ना मॅडम, बसा."

आणि मी काय केलं? तव्यावर झाकण टाकलं, गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराचं दार लोटून आतून कडी घातली. भाड्याच्या खोल्यांत आम्ही अशीच वर्षं काढली. सुकट भाजायची तर आधी दार लावायचं, घरमालकाला वास जाता कामा नये. हे घर आमचं स्वतःचं आहे, पण माझ्या हातांना ते अजून कळलेलं नव्हतं.

तेजलने बाहेरून दार वाजवलं. "आई, कडी का लावलीत?"

मी कडी काढली. ती आत आली, तिने झाकण उचललं आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, सुकट! ही चालते की मला. उन्हात वाळलेली, ना फ्रीज ना काही." तिने वाटी भरली आणि बाहेर निघाली.

मी तिचा हात धरला. "अगं, बाहेर मॅडम बसल्यात!"

"मग?"

ती थांबली. एकदा कडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आता संशय तिच्या डोळ्यांत होता.

"आई," तिने हळूच विचारलं, "तुम्हाला आपल्या जेवणाची लाज वाटते?"