तीन हाका

सकाळी ताईने बॅग भरायला घेतली तेव्हाच त्याचा दिवस बिघडला होता. हात उचलणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून ती त्याच्याकडे, भावाकडे, आली होती. आता त्याच्या बायकोशी शब्दाला शब्द लागून परत तिकडेच निघाली होती. "मी येईपर्यंत थांब, लवकर येतो," एवढं सांगून तो कामावर आला आणि दवाखान्याच्या नोंदणी विभागात टेबलांखाली रांगत नव्या कॉम्प्युटर टर्मिनलच्या वायरी जोडू लागला.

या टर्मिनलच्या पोटात स्वतःचं असं काही नसतं. सुरू झालं की वायरीवरून सर्व्हरला हाक मारायची. त्याने ओ दिली तर सगळं त्याच्याकडून घ्यायचं. तीनदा हाक मारूनही ओ आली नाही, तर काळं तोंड करून गप्प बसायचं. दुपारपर्यंत सगळी गुण्यागोविंदाने चालू झाली होती. तो शेवटचं जोडायला वाकला आणि होती नव्हती ती सगळीच बंद पडली.

त्याने वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. सर्व्हर धडधाकट होता. खिडकीबाहेर रांग कुरकुरत होती, गुडघे बोलू लागले होते आणि जीव सगळा घरी होता. शेवटी कपाटामागे, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या स्विचवर बॅटरी मारली, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. स्विच आपला स्वतःशीच बडबडत बसला होता, दुसऱ्याची हाक कुठून पोचणार?

"ही कुणी लावली?"

"मी," हेडक्लार्क बाई शाबासकीच्या आशेने म्हणाल्या. "लोंबत होती हो. एक भोक रिकामं दिसलं, दिलं खोचून. मला पसारा बघवत नाही."

रागवायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने टोक उपटलं, टर्मिनल पुन्हा सुरू केली. एकेक पडदा उजळला. मग कुठे त्याने हत्यारांच्या पिशवीतला, आवाज बंद केलेला फोन काढला. ताईचे तीन कॉल येऊन गेले होते. त्यानंतर काही नव्हतं.

त्याने फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. मागे बसची घरघर होती.

"अडकलो होतो गं. पुढच्या थांब्यावर उतर, मी घ्यायला येतो."



"म्हणजे पुन्हा मीच थांबायचं," ती म्हणाली.

"हो. पण फोन ठेवू नकोस," तो म्हणाला, आणि पिशवी तिथेच टाकून जिना उतरू लागला. "मी पोचेपर्यंत बोलत राहा."